कुंथणारं बाळ आणि घाईतले मोठे

ओळखीतल्या एक बालरोगतज्ज्ञ बाई म्हणतात, त्यांच्या फोनमध्ये नातवंडांपेक्षा लंगोटांचे फोटो जास्त आहेत. पिवळी शी, हिरवी शी, फेसाची शी, दाण्यादाण्यांची शी. खाली प्रश्न ठरलेला: ‘मॅडम, हे नॉर्मल आहे ना?’ काहींना फोटोही पाठवता येत नाही, कारण पाठवण्यासारखं काही झालेलंच नसतं. ‘आज पाचवा दिवस, अजून केली नाही.’ एकीच्या बाळाला दिवसाला नऊ वेळा होते म्हणून ती घाबरलेली, दुसरीच्या बाळाला आठवड्यातून एकदा होते म्हणून ती. दोघींची बाळं अंगावर पितात, वजन चांगलं वाढतंय, आणि दोघींना मिळणारं उत्तरही एकच असतं: काही झालेलं नाही.

नुसत्या अंगावरच्या दुधावर असलेल्या तीन-चार महिन्यांच्या आतल्या बाळाचं पोट हा आपल्या घराघरांतला सगळ्यात जास्त चर्चेचा आणि सगळ्यात कमी समजून घेतलेला विषय असावा. त्याबद्दल कळलेलं बरंच आहे, अर्धवट कळलेलंही आहे. वाचता वाचता माझं एक मत मात्र पक्कं होत गेलं, ते आधीच सांगून टाकतो: या वयात पोटाच्या नावावर खपणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याचशा पोटाच्या नसतात, आणि त्यांवरचे उपाय तर बाळासाठी असण्यापेक्षा मोठ्यांसाठीच जास्त असतात.

सुरुवात पहिल्या शीपासून करू. काळी-हिरवी, डांबरासारखी चिकट, पुसता पुसत नाही अशी. गर्भात असताना गिळलेलं पाणी, आतड्याच्या झडलेल्या पेशी, पित्त, अंगावरची लव असं सगळं त्यात असतं. पूर्ण दिवसांच्या ९० टक्क्यांहून अधिक बाळांना ती पहिल्या २४ तासांत होते, जवळजवळ सगळ्यांना ४८ तासांत. नाही झाली, तर डॉक्टर जे आजार शोधतात त्यातला एक कोपनहेगनचे हेराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली बर्लिनच्या सभेत मांडला होता. त्या आजारात आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जातंतूंच्या पेशीच नसतात, त्यामुळे तो भाग सैल पडत नाही आणि मागचं सगळं तुंबतं. साधारण पाच हजार जन्मांत एक. म्हणून प्रसूतिगृहातून घरी सोडण्याआधी ‘शी झाली का?’ हा प्रश्न उगाच विचारलेला नसतो.

ही काळी शी बाहेर काढायला निसर्गाने औषध ठेवलेलं आहे, ते म्हणजे चीक. तो सारक असतो. आपल्याकडे कित्येक घरांत चीक पिळून टाकायचा आणि त्याऐवजी मध किंवा साखरेचं पाणी चाटवायचं. म्हणजे जुलाबाचं औषध फेकायचं आणि पुढे महिनाभर पोट साफ व्हावं म्हणून धडपडायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रंग हिरवट तपकिरी होतो, पाचव्या दिवसाच्या आसपास मोहरीसारखा पिवळा. काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलेल्या बाळाला थोडे दिवस हिरवी, पातळ होते, तेही चालतं.

या पहिल्या महिन्यात मोजण्याला खरंच अर्थ असतो. आई किती दूध पाजतेय हे दिसत नाही, पण लंगोट दिसतो. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू, तीन-चार वेळा तरी पिवळी शी, जन्मानंतर घटलेलं वजन (सात ते दहा टक्क्यांपर्यंत घटतंच) दोन आठवड्यांत भरून आलेलं आणि पुढे रोज वीस-तीस ग्रॅमची भर, एवढं जमत असेल तर दूध पुरतंय. महिन्याच्या आतल्या बाळाला शी अगदी कमी होत असेल, तर पहिला संशय पोटावर नको, दुधावर घ्यावा: बाळ नीट धरतंय का, पुरेसा वेळ पितंय का.

मग सहाव्या आठवड्याच्या आसपास गंमत होते. तोवर दर पाजण्यामागे लंगोट भरणारं बाळ एकदम थांबतं. तुर्कस्तानातल्या एका अभ्यासात पहिल्या महिन्यात दिवसाला साधारण सहा वेळा होणारी शी दुसऱ्या महिन्यात एकवर आली, आणि बऱ्याच बाळांना तर रोज एकदाही होईना. अंगावर पिणारं निरोगी बाळ सात-दहा दिवस काही करत नाही आणि मग एकदम झबलं, दुपटं, आजीची साडी सगळं रंगवतं, हे बालरोगतज्ज्ञांना रोजचं असतं. कारणं बरीच सरळ आहेत. आईच्या दुधात उरण्यासारखं फारसं नसतंच, बहुतेक सगळं शोषलं जातं. चिकाचा सारक गुण ओसरलेला असतो. सुरुवातीच्या दुधात निवळीतली प्रथिनं आणि केसिन यांचं प्रमाण ९०:१० च्या जवळ असतं, ते हळूहळू ६०:४० वर येतं, आणि केसिनची गुठळी जरा घट्ट. शिवाय दूध पोटात पडलं की आतडं हलणार, ही नवजात बाळातली फार जोरकस क्रिया वयाबरोबर शांत होते.

आपल्याला हे पटत नाही याचं कारण आपल्या संस्कृतीत आहे. सकाळी उठल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांचा पहिला विषय पोट साफ झालं की नाही हा असतो. मूड, भूक, डोकेदुखी, सगळ्याचा हिशेब तिथेच लागतो. तोच हिशेब दीड महिन्याच्या जिवाला लावला जातो. पण बद्धकोष्ठ हा आकड्याचा प्रश्न नाही, घट्टपणाचा आहे. लेंड्यांसारखे कडक खडे, त्यावर रक्ताची रेघ, हे बद्धकोष्ठ. आठव्या दिवशी झालेली शी मऊ, पिठल्यासारखी असेल तर त्याला बद्धकोष्ठ म्हणत नाहीत, आणि निव्वळ अंगावरच्या दुधावरच्या बाळाला खरं बद्धकोष्ठ क्वचितच होतं.

पण ते कुंथतं ना! चेहरा लालभडक, पाय पोटाशी, मुठी आवळलेल्या, दहा-दहा मिनिटं आकांत, आणि शेवटी होते ती पातळ पिवळी शी. बघणाऱ्याच्या काळजात कालवतं. या प्रकाराला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे, आणि पोटाच्या कार्यात्मक तक्रारींचे जे ‘रोम निकष’ जगभर वापरले जातात त्यांच्या २०१६ च्या चौथ्या आवृत्तीत त्याची व्याख्याही दिली आहे: नऊ महिन्यांच्या आतलं निरोगी बाळ, शीपूर्वी किमान दहा मिनिटं कुंथणं-रडणं, मग मऊ शी होणं किंवा न होणं. आतडं ठीक असतं, अडचण ताळमेळाची असते. शी करायला दोन गोष्टी एकाच वेळी कराव्या लागतात: पोटावर जोर द्यायचा आणि खालचे स्नायू सैल सोडायचे. बाळाला जोर देता येतो, सैल सोडणं अजून जमत नाही. म्हणजे एक पाय ॲक्सिलरेटरवर आणि दुसरा ब्रेकवर. रडण्याने पोटातला दाब वाढतो, म्हणून ते रडतं. काही आठवड्यांत त्याचं त्याला जमतं.

आणि नेमकं इथेच आपण मदतीला धावतो. विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून लावायचा, साबणाची कांडी करायची, आताशा दुकानातून ग्लिसरीनची कांडी आणायची. लगेच होते, त्यामुळे उपाय सिद्ध झाल्यासारखा वाटतो. पण जे सैल सोडणं बाळाने शिकायचं, ते बाहेरून टोचून करून दिलं की शिकणं लांबतं, आणि बाळ त्या देठाची वाट बघू लागतं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तिथे काही घालू नये, एवढं एक वाक्य आजीला पटवता आलं तर बरेच आठवडे वाचतील.

उलट टोकाची भीती जुलाबाची. अंगावरच्या दुधाची शी मुळातच पातळ, दाणेदार, आंबूस वासाची. ती आठ-दहा वेळा झाली म्हणून अतिसार होत नाही. अचानक नेहमीपेक्षा पाण्यासारखी, घाण वासाची, सोबत ताप किंवा मलूलपणा असेल तर तो अतिसार. हा फरक न कळल्यामुळे चांगल्या बाळांना प्रतिजैविकं दिली जातात आणि, त्याहून वाईट, दूध बंद केलं जातं.

हिरव्या, फेसाळ शीचं एक स्पष्टीकरण मायकेल वूलरिज आणि क्लोई फिशर यांनी १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. पाजताना दुधातली चरबी शेवटाकडे वाढत जाते. भरपूर पान्हा असलेली आई घड्याळ लावून दहा मिनिटांनी बाजू बदलत असेल, तर बाळाला दोन्हीकडचं सुरुवातीचं पाणचट दूधच जास्त मिळतं. चरबी कमी, म्हणून पोट लवकर रिकामं होतं. लॅक्टोजचा लोंढा एकदम आतड्यात येतो, सगळा पचत नाही, उरलेला आंबतो आणि वायू धरतो. उपाय फुकटचा आहे: एक बाजू पूर्ण संपू द्यायची, मग दुसरी. इथे एक गैरसमज मात्र पसरला आहे. अशा बाळाला ‘लॅक्टोज पचत नाही’ असं लेबल लावून दूध बदललं जातं. आईच्या दुधात शंभर मिलिलिटरमागे सातेक ग्रॅम लॅक्टोज असतंच, कुठल्याही आहारावरच्या आईच्या. ते पचवण्याचं विकरच जन्मतः नसणं हा आजार जगात अत्यंत दुर्मीळ आहे.

वायूबद्दलही जरा थांबून बोललं पाहिजे. आईच्या दुधात ऑलिगोसॅकराइड नावाच्या शर्करांच्या साखळ्या असतात, दोनशेच्या आसपास प्रकारच्या. लॅक्टोज आणि चरबीनंतर दुधातला तिसरा मोठा घटक तोच. आणि बाळाला त्या पचवताच येत नाहीत! मग आईचं शरीर एवढा खटाटोप कोणासाठी करतं? बाळाच्या आतड्यातल्या जिवाणूंसाठी. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंरी तिसिए यांनी १८९९-१९०० च्या सुमारास अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीत इंग्रजी वाय अक्षरासारखा फाटा असलेला एक जिवाणू पाहिला, आज त्याच्या कुळाला बिफिडोबॅक्टेरियम म्हणतात. हे जिवाणू त्या साखळ्या खातात, आम्ल तयार करतात, रोगजंतूंना जागा ठेवत नाहीत. थोडक्यात, बाळाच्या पोटात विरजण लावण्याची सोय दुधातच आहे. विरजण म्हटलं की आंबणं आलं, आंबणं म्हटलं की वायू आला. पाच आठवड्यांचं बाळ मोठ्या माणसासारखं सशब्द वारा सोडतं, तेव्हा घरात हसू आणि काळजी दोन्ही पसरतात. त्यातलं हसू बरोबर आहे.

आता रडणं. मूळ भांडण तेच आहे.

न्यू हेवनचे मॉरिस वेसल यांनी १९५४ साली ‘कोलिक’ची तीनाची व्याख्या दिली: दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीन दिवसांहून जास्त, तीन आठवड्यांहून जास्त रडणारं, एरवी धडधाकट बाळ. तीन आठवडे थांबून मग नाव द्यायचं हे कुठल्याच आईला परवडण्यासारखं नव्हतं, २०१६ च्या रोम निकषांनी ती अट काढलीच. १९६२ साली टी. बेरी ब्रेझल्टन यांनी ऐंशी बाळांच्या आयांना रडण्याच्या डायऱ्या लिहायला लावल्या. त्यांत दिसलं की रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्यात शिगेला पोहोचतं, तेव्हा दिवसाला पावणेतीन तासांपर्यंत, आणि मग उतरतं. ही आजारी बाळं नव्हती. २०१७ साली वॉरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा २८ अभ्यासांतल्या सुमारे ८,७०० बाळांची आकडेवारी एकत्र केली. आकडे जरा कमी आले, सहाव्या आठवड्यात साधारण सव्वादोन तास, पण टेकडी तीच. कोलिक म्हणावं एवढं रडणारी बाळं पहिल्या सहा आठवड्यांत १७ ते २५ टक्के, आणि दहा-बारा आठवड्यांना अर्ध्या टक्क्याच्या जरा वर. देशोदेशीचा फरकही दिसला: डेन्मार्क, जर्मनी, जपानमध्ये कमी, ब्रिटन, कॅनडा, इटलीत जास्त.

या टेकडीत एक फसवणूक दडलेली आहे. सहाव्या आठवड्यात हैराण झालेले आईबाप जो काही उपाय सुरू करतील तो बाराव्या आठवड्यापर्यंत गुणकारी ठरतोच. थेंब बदला, गुटी बदला, डॉक्टर बदला, आईचं जेवण बदला, दृष्ट काढा. उतार बाळाच्या वयामुळे येतो, श्रेय शेवटच्या उपायाला मिळतं. या विषयावरचा अनुभवाचा सगळा साठा, आज्यांचा आणि डॉक्टरांचाही, याच उतारावर गोळा झालेला आहे.

मुळात हे रडणं पोटदुखीचंच, हे कोणी ठरवलं? पाय पोटाशी घेणं, पोट कडक होणं, वारा सरणं यावरून. पण कुठल्याही कारणाने जोरात रडणारं बाळ पाय आक्रसतंच, आणि रडताना हवा गिळतं. फुगलेलं पोट हा रडण्याचा परिणामही असू शकतो. काश्यपसंहितेत वेदनाध्याय नावाचा एक अध्याय आहे. बोलू न शकणाऱ्या बाळाला कुठे काय दुखतंय हे त्याच्या वागण्यावरून कसं ओळखायचं, याचा विचार तिथे आहे. इतक्या शतकांपूर्वी कोणीतरी बाळाच्या वेदनेला इतकं गंभीरपणे घेतलं याचं मला कौतुक वाटतं. मात्र खुणांवरून कारणाकडे उडी मारण्याचा मोहही तेवढाच जुना आहे. आजचं मत असं, की थोड्या बाळांत पोटाचं खरं कारण सापडतं, बाकीच्यांत हा वाढत्या मेंदूचा काळ असतो: दिवसभराचा गलका, उजेड, माणसं सहन करून तिन्हीसांजेला बाळ कोलमडतं आणि स्वतःला शांत करणं त्याला अजून येत नाही.

दोषाचा दुसरा बाण आईच्या ताटाकडे जातो. आयुर्वेदात क्षीरदोषाची कल्पना आहे, म्हणजे आईच्या आहारविहाराने दूध बिघडतं. तिचा घरगुती अवतार म्हणजे बाळंतिणीची वातूळ पदार्थांची यादी: हरभऱ्याची डाळ, वाटाणे, कोबी, बटाटा, वांगं, काही घरांत तर गार पाणी आणि आंबटही. पण डाळ-कोबीचा वायू ज्यामुळे होतो तो भाग आईच्या आतड्यातच आंबतो, तो रक्तात जात नाही, मग दुधात कुठून येणार? चव मात्र जाते. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत ज्युली मेनेला आणि गॅरी बोशाँ यांनी १९९१ मध्ये आयांना लसणाच्या गोळ्या दिल्या. दुधाला लसणाचा वास आला, आणि बाळं त्या दिवशी उलट जास्त वेळ स्तनाला लागून राहिली. अळिवाच्या खिरीबरोबर बाळंतिणीला लसणीचं तिखट वाढणाऱ्या बायकांना हे कळलं असतं तर त्या गालातल्या गालात हसल्या असत्या.

आईच्या आहाराचा संबंध अगदीच नाही असंही नाही. २००५ मध्ये मेलबर्नला डेव्हिड हिल यांच्या गटाने कोलिक असलेल्या बाळांच्या आयांचं दूध-दुभतं, सोया, गहू, अंडी, शेंगदाणे, सुकामेवा, मासे आठवडाभर बंद केले. त्यांच्यातल्या ७४ टक्के बाळांचं रडणं पाव हिश्श्याने किंवा जास्त घटलं; साधं जेवणाऱ्या आयांच्या बाळांत ३७ टक्के. फरक आहे, पण लहान अभ्यास, आणि पुढच्या आढाव्यांनी पुरावा अपुराच म्हटलाय. मला त्यातली यादी महत्त्वाची वाटते. शास्त्राच्या संशयितांत पहिलं नाव गाईच्या दुधाचं आहे, हरभऱ्याचं कुठेच नाही. आणि आपल्याकडे बाळंतिणीला डाळ बंद करून वर दूध भरपूर प्यायला लावतात! अंगावर पिणाऱ्या बाळांपैकी साधारण अर्धा टक्का बाळांना आईच्या दुधातून उतरणाऱ्या गाई-म्हशीच्या दुधाच्या प्रथिनाची खरी ॲलर्जी असते. शीत शेंब आणि रक्ताचे धागे दिसतात. तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने आईचं दूध-दही-पनीर दोन ते चार आठवडे थांबवून, मग पुन्हा सुरू करून खात्री करतात. बाळाचं अंगावरचं दूध तोडायची गरज पडत नाही. बाकीच्या आयांना उपाशी ठेवणं हा निव्वळ जुलूम आहे, तोही ऐन भुकेच्या दिवसांत.

उपायांचा इतिहास वाचला तेव्हा मला एक सूत्र दिसलं आणि मग ते दिसतच राहिलं. ग्राइप वॉटर १८५१ मधलं, नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्याचं. दलदलीच्या भागातल्या तापावरच्या औषधावरून सुचलेलं. त्यात शेपूचं तेल, सोडा, साखर, पाणी आणि ३.६ टक्के मद्य. शेपू म्हणजे आपल्या बाळंतशोपांचंच झाड, त्यामुळे ते इथे आल्यावर परकं वाटलं नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या आज्या एकमेकींना तीच बाटली सुचवतात अशी जाहिरात दूरदर्शन बघितलेल्या सगळ्यांना आठवत असेल. ब्रिटनमध्ये मद्य काढून टाकलं गेलं ते १९९२ साली, जवळजवळ दीडशे वर्षांनी. आज आपल्याकडच्या बाटलीतही ते नाही. मुंबईच्या गिरणगावात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कामावर जाणाऱ्या आया तान्ह्यांना बाळागोळी द्यायच्या, तिच्यात अफू असायची. पाळी संपेपर्यंत पोर झोपून राहायचं. त्या आयांना दोष देण्याची माझी हिंमत नाही, पाळणाघर नव्हतं आणि रोजगार बुडवता येत नव्हता. गुटीतलं जायफळ गुंगी आणतं, म्हणून ‘गुटी दिली की बाळ छान झोपतं’. पुढे आधुनिक दवाखान्यातून मिळालेले डायसायक्लोमिनचे थेंब. तान्ह्यांचा श्वास थांबल्याच्या नोंदींनंतर सहा महिन्यांच्या आत ते देऊ नयेत असं ठरलं. मद्य, अफू, जायफळ, डायसायक्लोमिन. यांनी बाळाचं पोट शांत झालं की घर, हे पुन्हा विचारायला हवं.

गुटीबद्दल लिहिताना हात जरा अडखळतो. ती सहाण, आईच्या दुधात उगाळलेली मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, सुंठ, बाळहिरडा, अतिविष, डिकेमाली, काकडशिंगी, मोजून घेतलेले वळसे, त्या वासाभोवती आपलं बालपण गुंडाळलेलं आहे. मुरडशेंग पिळदार म्हणून मुरड्यावर, हा तर्क काव्य म्हणून सुंदर आहे. पण बाळहिरडा सारक, जायफळ गुंगीचं, आणि भारतीय वेखंडात बीटा-ॲसॅरोन असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते कर्करोगकारक ठरल्याने अमेरिकेने १९६८ मध्ये वेखंड अन्नात वापरण्यावर बंदी घातली. पाव वळशात त्यातलं किती उतरतं हे प्रत्येक हातागणिक बदलणार. सहाण स्वच्छ किती, हा वेगळा मुद्दा. परदेशी गेलेल्या लेकीसुनांच्या पिशव्यांतून हे सगळं साता समुद्रापार जातं, आणि तिथलं एक प्रकरण नोंदलेलं आहे: १९८४ साली फ्लोरिडात भारतीय कुटुंबातलं नऊ महिन्यांचं बाळ शिशाच्या विषबाधेने दगावलं. पचनासाठी दिल्या जाणाऱ्या घरगुती पुडीत शिसं सापडलं.

मधाचं वेगळं. जन्मल्यावर सोन्याच्या कडीने मध चाटवणं हा संस्कार आहे हे मान्य, पण मधात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजू शकतात. हा तान्ह्यांचा आजार १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात प्रथम ओळखला गेला. दुर्मीळ आहे, पण त्याची पहिली खूण बद्धकोष्ठ असते, मग रडणं क्षीण होतं, दूध ओढवत नाही, मान लुळी पडते. शी होत नाही म्हणून मध चाटवणाऱ्या घरांनी एवढं लक्षात ठेवावं. पाण्याचीही गरज नाही, उन्हाळ्यातसुद्धा. दिल्लीतल्या डॉक्टरांनी भर उन्हाळ्यात हे तपासून १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं.

मग दुकानातल्या नव्या थेंबांचं काय? सिमेथिकोन वायूचे बुडबुडे फोडतं, निरुपद्रवी आहे, आणि चाचण्यांत नुसत्या गोड पाण्याइतकंच चालतं. लॅक्टेजच्या थेंबांचा पुरावा इकडचा तिकडचा. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या जिवाणूच्या एका जातीची कथा मात्र वाचण्यासारखी. २००७ मध्ये तुरीनच्या फ्रान्चेस्को साविनो यांना त्याने रडणं बरंच कमी झालेलं दिसलं. २०१४ मध्ये मेलबर्नच्या मोठ्या चाचणीत काहीच फायदा दिसला नाही. २०१८ मध्ये चार चाचण्यांतल्या ३४५ बाळांची आकडेवारी एकत्र तपासल्यावर असं निघालं की अंगावर पिणाऱ्या बाळांना उपयोग होतो, पावडरीच्या दुधावरच्या बाळांना होत असल्याचं सांगता येत नाही. म्हणजे इथे विचारून वापरण्याजोगं काहीतरी आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला मात्र असे जिवंत जिवाणू डॉक्टरांशिवाय अजिबात नकोत.

ढेकर काढण्याइतकं निर्विवाद तर काही नसेल, असं मीही धरून चाललो होतो. चंडीगढच्या संशोधकांनी ७१ आई-बाळांच्या जोड्यांवर ते तपासलं, निष्कर्ष २०१५ मध्ये आला: ढेकर काढलेल्या बाळांचं रडणं कमी झालं नाही, उलट ती दूध जास्त वेळा गाळू लागली. दूध गाळणं हेही बहुतेकांत निव्वळ धुण्याचं काम वाढवणारं प्रकरण. चौथ्या महिन्याच्या आसपास सर्वाधिक, वर्ष-सव्वा वर्षात थांबतं. बाळाला खांद्यावर घ्यायला ढेकर हे निमित्त म्हणून ठेवायला माझी हरकत नाही. कारण कडेवर घेण्याचा पुरावा बरा आहे: १९८६ मध्ये माँट्रियलला हुन्झिकर आणि बार यांनी आयांना बाळ रोज तीनेक तास जास्त उचलून घ्यायला सांगितलं, आणि सहाव्या आठवड्यातलं रडणं ४३ टक्क्यांनी घटलं. आधीच कोलिकने रडणाऱ्या बाळांत मात्र तसा फरक दिसला नाही. ‘सवय लागेल’ म्हणून खाली ठेवायला सांगणाऱ्यांनी पहिला आकडा वाचावा. घेऊनही थांबत नाही म्हणून स्वतःला अपयशी समजणाऱ्या आईने दुसरी ओळ. आणि रात्री दोनला डोक्यात तिडीक गेली, तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवून पाच मिनिटं गॅलरीत जावं. तान्ह्यांना गदागदा हलवल्याने मेंदूला होणाऱ्या इजा याच टेकडीच्या आसपास सर्वाधिक घडतात. ओरडून कोणी दगावत नाही, हलवून दगावतं.

धावायचं केव्हा, ते थोडं आहे. हिरव्या पित्ताची उलटी झाली तर त्याच तासाला, कारण आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. तीन महिन्यांच्या आत ताप. फुगून ताणलेलं पोट. शीत रक्त. दूध ओढायचं बंद. वजन वाढत नाही. नेहमीपेक्षा वेगळं, किरटं, न थांबणारं रडणं.

आणि एक रंग. पांढरट, मातकट, भिजवलेल्या चिकणमातीसारखी शी. पित्त आतड्यात उतरत नसल्याची ती खूण, पित्तनलिका बंद असण्याची. दहा-वीस हजारांत एखाद्या बाळाला होतं, पूर्व आशियात त्याहून जास्त. जपानच्या मोरियो कासाई यांनी १९५० च्या दशकात त्यावर शस्त्रक्रिया शोधली, पण ती साठ दिवसांच्या आत झाली तर जास्त यशस्वी होते. अंगावर पिणाऱ्या बाळांची साधी कावीळही लांबत असल्याने ‘होईल कमी, उन्हात धरा’ म्हणता म्हणता ते साठ दिवस निघून जातात. साध्या काविळीत शी पिवळी असते आणि लंगोटावर शूचा डाग पडत नाही. या आजारात शी फिकी आणि शू गडद पिवळी. तैवानने २००४ पासून देशभर प्रत्येक आईला बाळाच्या नोंदवहीत शीच्या रंगांचं कार्ड दिलं, आणि साठ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया होणाऱ्या बाळांचं प्रमाण वाढलं. जपानने २०१२ मध्ये ते आपल्या माता-बाल पुस्तिकेत घातलं.

सुरुवातीला सांगितलेल्या बालरोगतज्ज्ञ बाई पंधराव्या दिवसाच्या भेटीत प्रत्येक आईला सांगतात, पिवळी, हिरवी, तपकिरी, किती वेळा, किती दिवसांनी, हे मला पाठवू नका. पांढरी वाटली तर लगेच पाठवा. आणि फोटो दिवसाउजेडी काढा, खोलीतल्या पिवळ्या दिव्याखाली सगळीच शी पिवळी दिसते.